गोव्याच्या इन्क्विझिशनवर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांना खुले पत्र: कातारिनाचं नाव घ्या

सप्रेम नमस्कार.

गोव्याच्या इन्क्विझिशनवर, म्हणजे पोर्तुगीजांच्या कॅथलिक धर्मन्यायालयावर, मराठीत आज जेवढं बोललं जातं तेवढं माझ्या कॉलेजच्या दिवसांत बोललं जात नव्हतं. अ. का. प्रियोळकरांचा १९६१ सालचा इंग्रजी ग्रंथ होता, पण तो अभ्यासकांच्या कपाटात. आता व्याख्यानमालांत हा विषय असतो, दिवाळी अंकांत असतो, मोबाइलवर तासातासाच्या चित्रफिती फिरतात आणि लोक त्या शेवटपर्यंत ऐकतात. हा इतिहास दडपला जाऊ नये असं मलाही मनापासून वाटतं. लोकांपर्यंत तो पोहोचवण्याचं काम तुम्ही करता, म्हणून हे पत्र तुम्हाला.

तुमच्या सांगण्यात ही कथा मधूनच सुरू होते. तुळशीवरची बंदी येते, धोतरावरची बंदी येते, पाडलेली देवळं येतात. (तिसवाडीतली देवळं १५४० सालीच पाडली गेली होती, तेव्हा गोव्यात इन्क्विझिशन नव्हतंच. ते काम पोर्तुगीज सरकारचं आणि मिशनऱ्यांचं, ते वेगळं सांगायला हवं.) पण हे धर्मन्यायालय मुळात उभं कुणाविरुद्ध राहिलं, आणि गोव्यात आल्यावर सुरुवातीच्या वर्षांत त्याने मुख्यतः कुणाला चितेवर चढवलं, ह्यावर एखादं वाक्य आलं तर आलं. उत्तर सरळ आहे. ते ज्यूंविरुद्ध उभं राहिलं. ज्यांना किंवा ज्यांच्या आईबापांना बळजबरीने बाप्तिस्मा दिला होता, अशा ज्यूंविरुद्ध.

आणखी एक वाक्य तुमच्याकडून वारंवार ऐकू येतं. जगभर ज्यूंचा छळ झाला, भारतात मात्र कधीच झाला नाही. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंकडे बघून हे म्हटलं जातं आणि त्यांच्यापुरतं ते खरं आहे. अलिबाग, नवगाव, रेवदंडा, पेण ह्या पट्ट्यात त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. दिवेकर, किहीमकर, पेणकर अशी गावांवरून आडनावं घेतली, मराठीतून कीर्तनं केली, १७९६ साली मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. धर्मावरून त्यांच्या वाटेला कुणी गेलं नाही, ह्याचा अभिमान वाटणं स्वाभाविक आहे. कोचीनच्या राजानेही ज्यूंना आपल्या राजवाड्याशेजारी जागा दिली. पण गोवाही भारतातच आहे. त्या गोव्यात १५६९ साली कातारिना द ओर्ता नावाच्या बाईला ती ज्यू धर्म पाळते म्हणून जाळलं. छळ करणारे भारतीय नव्हते हे मान्य. जमीन भारताची होती. आणि तुमच्या त्या कथेतही आणि ह्या वाक्यातही ह्या बाईला कुठे जागाच नाही.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्या विषयात तिच्या भावाचं नाव आदराने घेतलं जातं. गार्सिया द ओर्ता. भारतातल्या औषधी वनस्पतींवर त्याने पोर्तुगीजमध्ये लिहिलेला संवादरूपी ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून झाला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी हे एक. त्यात दोघे बोलतात. एक स्वतः ओर्ता, दुसरा युरोपातून नुकताच उतरलेला रुआनो. रुआनो पुस्तकी पंडित आहे, ग्रीकांचे आणि अरबांचे दाखले त्याच्या जिभेवर आहेत. ओर्ता ते ऐकून घेतो आणि अंतोनिया नावाच्या आपल्या दासीला हाक मारून ती वनस्पती बाजारातून किंवा बागेतून आणायला सांगतो. हिंग, भांग, वेलदोडा, धोतरा, अफू, हळद, फणस, नारळ असं एकेक त्या दोघांसमोर येत जातं.

आंब्याच्या प्रकरणात तर मुंबईच येते. मुंबईचं बेट तेव्हा ओर्ताकडे पोर्तुगीज राजाकडून भाडेपट्ट्याने होतं. गप्पा चालल्या असताना त्याचं मुंबईचं कूळ, सिमाव तोस्कानो, होडीतून आंब्यांची भेट घेऊन गोव्यात येतं. ओर्ता कौतुकाने सांगतो की बेटावरचं आपलं एक आंब्याचं झाड वर्षातून दोनदा फळतं. दुसऱ्या एका प्रकरणात पटकीच्या रोग्याचं वर्णन आहे. नाडी कशी बुडते, डोळे कसे आत जातात, पायांत गोळे कसे येतात. युरोपीय वैद्याने भारतातल्या ह्या रोगाचं जवळून केलेलं हे पहिल्या वर्णनांपैकी एक, आणि रोगाला गोव्यात मोडशी म्हणतात हेही त्याने टिपलं आहे. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाकडे तो वैद्य म्हणून जाऊन येऊन असे, दोघांची मैत्री होती, त्या दरबारातल्या हकिमांशी झालेल्या चर्चाही ह्या पुस्तकात आहेत. पुढे ज्याला पोर्तुगालचा महाकवी म्हटलं गेलं त्या कामोंइशची कविता पहिल्यांदा छापली गेली ती ह्याच पुस्तकाच्या सुरुवातीला. चार वर्षांत, १५६७ साली, अँटवर्पमध्ये क्लूसियस ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ह्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप काढला आणि सगळ्या युरोपाने तो वाचला.

ओर्ता एके ठिकाणी म्हणतो की आपण स्पेनमध्ये असतो तर गेलन ह्या प्राचीन वैद्याविरुद्ध आणि ग्रीकांविरुद्ध बोलायची आपली छाती झाली नसती. हे वाक्य मी वर्गात पुष्कळदा वाचून दाखवलं आहे. प्रत्यक्ष पाहिल्यावरच विश्वास ठेवणाऱ्या माणसाचं वाक्य म्हणून. पण ज्याने गेलनला खोटं ठरवलं तो माणूस पुस्तकभर एका गोष्टीबद्दल अवाक्षर काढत नाही, आणि ती म्हणजे आपण कुणाच्या पोटी जन्मलो. का काढत नाही, ते कळायला त्याच पुस्तकाचं पहिलं पान पुरतं. ग्रंथकर्त्याच्या नावाखाली तिथे छापलं आहे की हे संवाद परम आदरणीय आलेशो दियश फाल्कांव ह्यांनी पाहिले आहेत. फाल्कांव म्हणजे गोव्याच्या इन्क्विझिशनचा न्यायाधीश.

त्यानंतर सहा वर्षांनी त्याच न्यायालयाने लेखकाची बहीण जाळली आणि सतरा वर्षांनी स्वतः लेखकाची हाडं.

कथा कुठून सुरू करायची ते आता सांगते. स्पेनच्या राजाराणीने ३१ मार्च १४९२ रोजी हुकूम काढला, बाप्तिस्मा घ्या किंवा देश सोडा. ओर्ताचे आईवडील वालेन्सिया द अल्कांतारा ह्या सीमेवरच्या गावचे. ते शेजारच्या पोर्तुगालात, कास्तेलो द विदे गावी आले. पोर्तुगालच्या राजाने माणशी कर घेऊन ह्या निर्वासितांना आत घेतलं होतं. पाच वर्षंही शांततेत गेली नाहीत. डिसेंबर १४९६ मध्ये नव्या राजाने, मानुएलने, ज्यूंना हाकलण्याचा हुकूम काढला. पण वैद्य, कारागीर, व्यापारी निघून जाणं त्याला परवडणारं नव्हतं. १४९७ च्या वसंतात चौदा वर्षांखालची मुलं आईबापांपासून हिसकावून बाप्तिस्म्यासाठी नेली गेली. जहाजं मिळतील ह्या आशेने हजारो ज्यू लिस्बनला गोळा झाले, त्यांना एश्तावश राजवाड्यात कोंडलं, उपाशी ठेवलं आणि तिथेच ख्रिस्ती केलं. तोच राजवाडा पुढे लिस्बनच्या इन्क्विझिशनचं मुख्य ठाणं झाला.

ह्या लोकांना नाव पडलं नवख्रिस्ती. मुलं झाली, नातवंडं झाली, तरी नवख्रिस्तीच. रक्त तपासलं जायचं. कायद्याने हा भेद पुसला गेला १७७३ साली, म्हणजे पावणेतीनशे वर्षांनी.

१५०६ च्या एप्रिलमध्ये लिस्बनच्या सांव दोमिंगुश चर्चमध्ये क्रुसावर प्रकाश दिसला, लोक चमत्कार म्हणून गुडघे टेकू लागले. एक नवख्रिस्ती बोलून गेला की हा मेणबत्तीचा उजेड पडला असेल. त्याला तिथेच ठार मारलं, आणि मग तीन दिवस शहरभर कत्तल चालली. त्यात दोन हजारांच्या आसपास माणसं गेल्याचं मानलं जातं. गार्सिया तेव्हा लहान मुलगा होता. डोळ्यांना दिसलं ते बोलल्याने काय होतं, हे ह्या जमातीतल्या प्रत्येक घराला त्या आठवड्यात कळलं.

तो सालामांका आणि अल्काला इथे शिकला, लिस्बन विद्यापीठात शिकवू लागला. १५३२ साली राजाने नवख्रिस्तींना देशाबाहेर जायला बंदी केली. १५३४ च्या मार्चमध्ये ओर्ता मार्तीं आफोंसो द सोझा ह्या बड्या सरदाराचा वैद्य म्हणून त्याच्या गलबतावर चढला आणि सप्टेंबरात गोव्याला पोहोचला. दोन वर्षांनी, १५३६ साली, पोर्तुगालात इन्क्विझिशन सुरू झालं. ओर्ता हिंदुस्थानात वनस्पतींच्या ओढीने आला असं आमच्या पुस्तकांतून सांगितलं जातं. ओढ होतीच. पण ह्या तारखा एकापुढे एक मांडल्या की दुसरंही कारण दिसतं.

गोव्यात तरी सुटका होती का? १५४३ साली जेरोनिमो दियश नावाच्या नवख्रिस्ती वैद्याला गोव्यात धर्मद्रोहाबद्दल पकडलं. त्याने पश्चात्ताप दाखवला म्हणून आधी गळा दाबून मारलं आणि मग जाळलं. इन्क्विझिशन यायला अजून सतरा वर्षं होती. त्या साली गोव्याचा गव्हर्नर होता तोच मार्तीं आफोंसो द सोझा, ओर्ताचा आश्रयदाता. ओर्ता तेव्हा ह्याच शहरात रुग्ण तपासत होता. जळणारा त्याच्याच व्यवसायातला आणि त्याच्याच जमातीतला. पुढे वीस वर्षांनी ओर्ताने आपला ग्रंथ अर्पण केला तो ह्याच सोझाला. ह्या अर्पणपत्रिकेला कुणी भ्याडपणा म्हणेल. मी म्हणत नाही. त्याच्या घरात बायको होती, मुली होत्या, आणि १५४० च्या दशकाच्या अखेरीस आई आणि बहिणीही येऊन दाखल झाल्या होत्या. त्यांनी लिस्बनच्या इन्क्विझिशनचा तुरुंग पाहिलेला होता.

फ्रान्सिस झेवियर ह्या मिशनऱ्याने १५४६ साली राजाला पत्र लिहून हिंदुस्थानात इन्क्विझिशन मागितलं, हे तुम्ही सगळे सांगता. त्या पत्रात कारण काय दिलं आहे तेही सांगा. मोशेच्या, म्हणजे ज्यूंच्या, नियमाने आणि मुसलमानी पंथाने राहणारे लोक इथे आहेत, हे ते कारण. हिंदूंचा त्या वाक्यात उल्लेख नाही. १५५७ साली कोचीनमधल्या नवख्रिस्तींना पकडून, गोव्यावरून, लिस्बनच्या न्यायालयाकडे पाठवलं गेलं. एवढ्या लांब कैदी पाठवण्यापेक्षा न्यायालयच इकडे आणावं, ह्या विचाराला त्यातून जोर मिळाला. १५६० साली फाल्कांव आणि फ्रान्सिश्कु मार्केश हे दोन न्यायाधीश आले आणि आदिलशाही वाड्यात त्यांनी कचेरी मांडली.

ओर्ता १५६८ साली मेला. (त्याच साली कोचीनमध्ये राजवाड्याला लागून 'परदेशी' नावाचं सिनेगॉग उभं राहिलं. दोन्ही शहरं एकाच किनाऱ्यावरची.) त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच महिन्यांत कातारिनाला उचललं. तिच्याकडून छळाने जबाब काढले. ओर्ताच्या मेहुण्याने साक्ष दिली की गार्सिया मोशेचा नियमच खरा मानायचा, येशूला देवाचा पुत्र मानत नव्हता. १५६९ साली कातारिनाला जाळलं. मग खटला चालला मेलेल्या माणसावर. ४ डिसेंबर १५८० रोजी त्याची हाडं उकरून काढून जाहीर सोहळ्यात जाळण्यात आली. धर्मद्रोही ठरलेल्याची मालमत्ता जप्त व्हायची, आणि मरण ही ह्या न्यायालयापासून सुटका नव्हती.

ओर्ता घरात गुपचूप शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा पवित्र शनिवार, पाळत होता का? मला सांगता येणार नाही, आणि छळ करून काढलेल्या जबाबांवरून कुणालाच सांगता येऊ नये. तो मनाने पुरता ख्रिस्ती असेल, तर निरपराध ख्रिस्त्याची हाडं जाळली. तो मनाने ज्यू असेल, तर ज्या माणसाच्या आईबापांना बळजबरीने बाप्तिस्मा दिला त्याने आपला धर्म जपला. अपराध कशातच नाही. वकिली करणाऱ्यांचा एक गट त्याला पक्का ज्यू ठरवायला धडपडतो, दुसरा पक्का कॅथलिक. हा वाद मला अप्रस्तुत वाटतो.

आपल्याला हे कळलं तेही उशिरा. गोव्याच्या इन्क्विझिशनची बहुतेक दप्तरं नष्ट झाली. लिस्बनला गेलेल्या कागदांतून आउगुश्तु दा सिल्वा कार्वाल्यु ह्या पोर्तुगीज वैद्य-संशोधकाने १९३४ साली ओर्ता कुटुंबाची हकीकत बाहेर काढली. तोपर्यंत साडेतीनशे वर्षं ओर्ता हा मानसन्मानात मेलेला वैद्य समजला जात होता. नंतर पोर्तुगालने त्याला वीस एस्कुदोच्या नोटेवर छापलं, दोनशे एस्कुदोच्या नाण्यावर कोरलं. पणजीतल्या बागेला त्याचं नाव मिळालं. मान भावाला मिळाला, बहीण संशोधकांच्या टीपांत राहिली.

आता माझा मुख्य मुद्दा. तुम्ही म्हणाल, ज्यूंची कथा ज्यूंची, आम्ही आमच्या पूर्वजांची सांगतो. पण ही दोन यंत्रं नव्हतीच, एकच होतं. स्पेन-पोर्तुगालात इन्क्विझिशन लोकांना यादी वाचून दाखवायचं. शेजारी शनिवारी धुतलेला सदरा घालतो का, शुक्रवारी संध्याकाळी नवी वात लावतो का, डुकराचं मांस टाळतो का, मांसावरची चरबी काढून टाकतो का, मेलेल्याला आंघोळ घालतो का. पाहिलं असेल तर येऊन सांगा, नाही सांगितलं तर तुम्हीही दोषी. स्वयंपाकघर, कपडे, उपास आणि मयत. माणसाचं मन दिसत नाही, म्हणून त्याच्या घरातल्या सवयींवर पहारा. आता गोव्याचं १७३६ सालचं फर्मान समोर ठेवा. बाटलेल्या कुटुंबांनी भात बिनमिठाचा शिजवू नये, अंगणात तुळस लावू नये, एकादशीचा उपास करू नये, पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी वापरू नये. शनिवारच्या धुतलेल्या सदऱ्याच्या जागी एकादशी आली, एवढाच फरक. नवख्रिस्ती ज्यू मारले गेले, पांगले, संपले, आणि मग तेच यंत्र कोकणी माणसावर चालू लागलं. हिंदूंवर काय झालं ते नीट समजून घ्यायचं असेल तर ते आधी कुणावर करून पाहिलं हे सांगावंच लागेल.

आणि ह्या न्यायालयाचा अधिकार प्रामुख्याने बाप्तिस्मा झालेल्यांवर होता. बाप्तिस्मा हाच सापळा. आधी बळजबरीने पाणी शिंपडायचं आणि मग म्हणायचं, आता तू आमचा, आता तुझा जुना धर्म हा द्रोह. १४९७ साली लिस्बनमध्ये तेच, नंतर साष्टी-बारदेशात तेच. म्हणूनच गोव्यातल्या आरोपींत पुढच्या दोन शतकांत सर्वांत मोठा भरणा झाला तो स्थानिक ख्रिस्ती लोकांचा. आज गोव्यात जे कॅथलिक आहेत ते बहुतांशी ह्या आरोपींच्याच वंशातले. तुमच्यातले काही वक्ते त्यांच्याकडे बोट दाखवून बोलतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. ज्यांच्या पणज्यांना बिनमिठाच्या भातासाठी पकडलं त्यांनाच पकडणाऱ्यांच्या रांगेत उभं करायचं?

तुमच्यात काहीजण इंग्रजी साहित्य शिकवणारेही आहेत, त्यांच्यासाठी थोडं. ज्यूंचा छळ आपल्याकडे सुशिक्षितांना दोन वाटांनी माहीत होतो. एक ॲन फ्रँकची डायरी, दुसरी वर्गात शिकलेला शेक्सपिअरचा ज्यू सावकार शायलॉक. 'मर्चंट ऑफ व्हेनिस' हे नाटक १५९६ ते १५९८ च्या दरम्यानचं. इंग्लंडने आपले ज्यू १२९० सालीच हाकलून दिले होते, म्हणजे प्रेक्षकांतल्या बहुतेकांनी उघडपणे ज्यू म्हणून जगणारा माणूस पाहिलेलाही नव्हता. पण दोनच वर्षांपूर्वी, १५९४ साली, त्यांनी एकाला मरताना पाहिलं होतं. राणी एलिझाबेथचा वैद्य रोदेरिगो लोपेझ. तोही पोर्तुगीज नवख्रिस्ती, मूळचा क्रातोचा, ओर्ताच्या गावापासून फार लांब नाही. राणीला विष घालण्याचा कट केल्याचा आरोप ठेवून त्याला लंडनच्या टायबर्नला फासावर चढवून नंतर चिरला. मरताना तो म्हणाला की मी राणीवर येशूइतकंच प्रेम करतो, आणि गर्दी हसली. ज्यूच्या तोंडी येशूचं नाव हा त्यांना विनोद वाटला. त्या काळचा इतिहासकार कॅम्डेन ह्याने ते लिहून ठेवलं आहे.

शायलॉकचं 'ज्यूला डोळे नसतात का' हे भाषण आपण मुलांकडून पाठ करून घेतो. चांगलं आहे ते. पण चौथ्या अंकात त्याला शिक्षा काय होते त्यावर वर्गात किती मिनिटं जातात? अर्धी संपत्ती वाचते, जीव वाचतो, अटी दोन: त्याने ताबडतोब ख्रिस्ती व्हावं आणि मरताना मागे राहील ते सगळं मुलीला आणि जावयाला लिहून द्यावं. नाटकात ही दया म्हणून येते. पोर्शियाचं दयेवरचं प्रसिद्ध भाषण त्याच अंकात आहे. शायलॉक बरं वाटत नाही म्हणून निघून जातो आणि पाचव्या अंकात चांदणं, संगीत, अंगठ्यांची गंमत. त्या बाप्तिस्म्यानंतर माणसाच्या आयुष्यात काय येत होतं हे नाटकात नाही. ते कातारिनाच्या आयुष्यात आहे. शायलॉक रंगमंचावर यायच्या जवळपास तीस वर्षं आधी तो सहावा अंक गोव्यात घडून गेला होता. नाटक शिकवू नका असं मी मुळीच म्हणत नाही. चौथा अंक शिकवाल त्या दिवशी १४९७ सालचं लिस्बन आणि १५६९ सालचं गोवा फळ्यावर लिहा. मराठी मुलांना व्हेनिसपेक्षा गोवा जवळचं आहे, त्यांना ते लगेच पोहोचेल.

बाकी मागण्या साध्या आहेत. इन्क्विझिशनवर लेख लिहाल तेव्हा पहिल्या परिच्छेदात १४९२ आणि १४९७ येऊ द्या. व्याख्यानात बळींची नावं घेता तेव्हा जेरोनिमो दियश आणि कातारिना द ओर्ता ही नावंही घ्या. 'भारतात ज्यूंचा कधीच छळ झाला नाही' ह्याऐवजी 'भारतीय राजांनी ज्यूंना थारा दिला, पोर्तुगीजांनी गोव्यात त्यांना जाळलं' असं म्हणा. वाक्य थोडं लांबतं, पण आपल्या पूर्वजांचा मान त्यात उणावत नाही, उलट राखलाच जातो. १६६२ साली डच-पोर्तुगीज लढाईत कोचीनच्या ज्यूंवर पोर्तुगीजांनी सूड उगवला आणि परदेशी सिनेगॉगला आग लावली, तेही त्याच वाक्याच्या पोटात येतं. ह्या विषयावर परिसंवाद भरवाल तेव्हा मंचावर बेने इस्रायली समाजातल्या अभ्यासकालाही बोलवा. बहुतेकजण १९४८ नंतर इस्रायलला गेले तरी मुंबई, ठाणे, अलिबाग इथे लोक आहेत आणि ते मराठीतच बोलतात.

शेवटची विनंती तुमच्यातल्या प्रकाशक आणि संपादकांना. ओर्ताचे संवाद मूळ पोर्तुगीजवरून, सविस्तर टीपांसह, सामान्य वाचकाला परवडेल अशा किमतीत मराठीत आणायचं मनावर घ्या. मुंबईचा आंबा, गोव्याची मोडशी आणि निजामशाहाचा दरबार ज्या पुस्तकात आहे ते मराठी घरात असायला हवं. प्रस्तावनेत ओर्ता कुटुंबाची हकीकत पूर्ण द्या, आणि पहिल्या पानावरचं फाल्कांवचं नाव गाळू नका. भाषांतर मला जमणारं नाही, पोर्तुगीज मला तेवढी येत नाही. पण प्रत्येक वनस्पतीचं आजचं शास्त्रीय नाव, मराठी-कोकणी नावं आणि ओर्ताने लिहिलेले गुण आजच्या माहितीशी कुठे जुळतात, हे सगळं तपासून द्यायचं काम मी विनामोबदला करीन. कुणी हे पुस्तक हाती घेणार असेल तर कळवा.

आपली नम्र,
वनस्पतिशास्त्राची एक शिक्षिका